सय्यद साहेबांची हरकत

सय्यद हमीदुद्दीन साहेबांना मी प्रथम पाहिले, तेव्हा त्यांचे दोन्ही हात कोपरापर्यंत शेणाने माखलेले होते. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर मंठ्याच्या पंचायत समितीत मी कनिष्ठ लिपिक म्हणून रुजू झाले. त्याच दुपारी साहेब कुठल्याशा गावाहून गोबरगॅसचा खड्डा तपासून परतले होते. हौदावर हात धुता धुता त्यांनी विचारले, "नव्या बाई का तुम्ही? बरं झालं. इथं कागद लई, माणसं कमी."

साहेब गोबरगॅस योजनेचे तांत्रिक पर्यवेक्षक होते. बांधकाम पाहून ते पूर्ण झाल्याचा दाखला देणे हे त्यांचे काम. दाखला मिळाला की अनुदान सुटे. इतरांची तपासणी जीपमधून उतरण्याआधीच संपत असे. साहेब खड्ड्यात उतरून भिंतीवर बोटे फिरवत, कुजलेल्या शेणाची मळी बाहेर पडण्याची वाट गजाने मोजत. मग घरातल्या सगळ्यांना, विशेषतः बायकांना, भोवती उभे करून सांगत, "तुंबलं तर कुणी आत उतरायचं न्हाई. आतली हवा दिसत न्हाई, पर माणूस दोन दमात पडतो. मला निरोप धाडा." धुराने डोळे गेलेल्या बाया त्यांनी पाहिल्या होत्या, म्हणून गॅसच्या या बिनधुराच्या चुलीवर त्यांचा जीव होता.

माझ्या यजमानांना जालन्याच्या दवाखान्यात ठेवले होते, तेव्हा साहेबांच्या घरून रोज डबा येई. आम्ही शाकाहारी, म्हणून भाभींनी त्यासाठी वेगळी भांडी आणली होती. हे मला भाभींच्या सुनेकडून फार उशिरा कळले. साहेबांनी स्वतः कधी शब्द काढला नाही.

आता जे लिहायचे आहे, त्यासाठीच मी संपादकांकडे साहेबांच्या पंचाहत्तरीच्या या गौरवग्रंथात जागा मागितली.

एका मार्चमध्ये साहेबांच्या आई वारल्या आणि ते रजेवर गेले. तालुक्याचे उद्दिष्ट अपुरे होते. त्या वेळच्या वरिष्ठांनी उरलेल्या खड्ड्यांची यादी माझ्या टेबलावर ठेवली. "दाखले टाइप करा. आजच गेले पाहिजेत."

"सर, तपासणी व्हायची आहे."

"झाली असं समजा."

मी टाइप केले. प्रत्येक दाखल्यावर 'प्रत्यक्ष पाहणी केली' असे लिहिले. साहेबांच्या नावाखाली दुसऱ्याने 'करिता' म्हणून सही केली. रजेवरून परतल्यावर साहेबांना हे कळले. ते माझ्याशी दोन दिवस बोलले नाहीत. यादी घेऊन एकेक खड्डा स्वतः पाहू लागले. पण गावे पुष्कळ होती आणि नवी कामेही मागे लागली होती.

दिवाळी उलटल्यावर यादीतल्या एका गावात खड्डा तुंबला. साहेब तिथे अजून पोहोचले नव्हते. मळीची वाट अरुंद बांधली होती. गज घालून पाहिली असती तर पहिल्याच दिवशी कळले असते. घरमालक रंगनाथराव झाकण काढून शिडीने उतरले आणि कोसळले. त्यांना काढायला त्यांचे मेहुणे उतरले. तेही वर आले नाहीत. साहेब शेजारच्या गावात होते. बोलावणे येताच सायकलवर धावले. ते पोहोचले तेव्हा रंगनाथरावांचा धाकटा भाऊ कुंडलिक शिडीवर पाय ठेवत होता. साहेबांनी त्याला मागून मिठी मारून खाली पाडले.

"सोडा मला! माझा भाऊ हाय आत!"

"भाऊ गेला, बेटा. तू जाऊ नको."

कुंडलिकने शिव्या दिल्या, मनगटाला चावा घेतला. साहेबांनी मिठी सोडली नाही. दोर आणि आकडे आणून दोघांना वर काढले, तेव्हा दोन्ही देह थंड होते. गोठ्यापाशी उभ्या असलेल्या रंगनाथरावांच्या पत्नीने एवढेच विचारले, "आत उतरू नये म्हणून आम्हाला कुणीच का सांगितलं न्हाई?"

चौकशीत 'लाभार्थ्याचा निष्काळजीपणा' असा शेरा तयार होता. साहेबांनी जबाबात लिहून दिले की तपासणी झालीच नव्हती आणि कुटुंबाला कुणी समजावले नव्हते. दाखला कोणी टाइप केला, असे विचारल्यावर ते म्हणाले, "टाइप करणाऱ्याचा गुन्हा न्हाई. सांगणाऱ्याला विचारा." सांगणाऱ्याला कोणी विचारले नाही. साहेबांची बदली झाली, बढती थांबली. पुढे निवृत्तीपर्यंत त्यांच्या हाताखालचे लोक त्यांचे साहेब होत गेले.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. सौर, पवन, बायोगॅस अशा कामांना गती देण्यासाठी राज्यात कायदा करायचे घाटत होते. मसुद्यावरच्या हरकती ऐकायला जालन्यात बैठक ठेवली होती. मी तेव्हा जिल्ह्याला होते. टिपणे घेण्यासाठी मला बसवले होते. निवृत्त सय्यद साहेब तीर्थपुरीहून बसने आले. मसुद्यात एक कलम होते : ठरलेल्या दिवसांत तपासणी झाली नाही, तर ती झाली असे मानून मानीव मंजुरी मिळेल.

साहेब उठले. "जल्दी करा, माझा इन्कार न्हाई. तपासणीला माणसं वाढवा, गाड्या द्या. पर न झालेली तपासणी झाली असं मानू नका. असं मानल्यानं दोन माणसं मेलेली मी पाहिली."

मुंबईच्या अधिकाऱ्यांनी सौम्यपणे विचारले, "तपासणीविना दाखला दिला होता, याचा काही पुरावा?"

"फाईल होती साहेब. आता सापडत न्हाई."

"कोणी साक्षीदार?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिले नाही. समोरच्या भिंतीकडे पाहत राहिले. त्या खोलीत साक्षीदार एकच होता, आणि त्याच्या हातात पेन होते. माझ्या निवृत्तीला थोडी वर्षे राहिली होती, मुलगी लग्नाची होती. अशी कारणे मी मनात जुळवीत होते, तोवर पुढचे नाव पुकारले गेले. इतिवृत्तात मी माझ्याच अक्षरात लिहिले : 'पुराव्याअभावी हरकत दप्तरी दाखल.' मसुदा ते कलम तसेच ठेवून मुंबईला गेला. त्याचे पुढे काय झाले, ते आमच्यापर्यंत आले नाही.

निवृत्त झाल्यावर मी तीर्थपुरीला गेले. सारे सांगून क्षमा मागितली. साहेबांनी शेवटपर्यंत ऐकून घेतले. मग म्हणाले, "बाई, तुम्ही त्या दिवशी बोलायला पायजे होतं. बिलकुल बोलायला पायजे होतं." थोड्या वेळाने भाभींना चहा ठेवायला सांगितला. निघताना मी विचारले, "आता लिहून दिलं तर चालेल का?"

"चालेल. पर माझ्या तारीफेत लपवू नका. सरळ लिहा."

म्हणून सरळ लिहिले आहे. तो दाखला मी टाइप केला होता. तपासणी झाली नव्हती. साहेबांची हरकत खरी होती.

आज साहेब पंचाहत्तर वर्षांचे होत आहेत. अलीकडे त्यांना दम लागतो, गुडघे साथ देत नाहीत. तरी कुणी खड्डा बांधतो आहे असे कळले की ते निघतात. परमेश्वराने, त्यांच्या अल्लाहने, त्यांना निरोगी दीर्घायुष्य द्यावे. त्यांचा श्वास मोकळा राहो, झोप शांत लागो. आणि पुढच्या वेळी ते एखाद्या बैठकीत बोलायला उठतील, तेव्हा त्यांच्या शेजारी आणखी कोणी तरी उठो. मला बोलावले तर मी येईन.