पेढे आधी, निकाल नंतर

तासगावच्या स्टँडवर मिरजेची गाडी लागली होती. मी खिडकीपाशी बसले होते आणि आई खाली उभी राहून मला भाकरी भरवत होती. होय, भरवत होती. मी दोन पोरांची आई, मांडीवर बॅग, बॅगेवर पिशवी, आणि खिडकीतून आत येणारा तिचा हात. "एवढा घास घे. अर्धा तरी घे गं. तिथं बंगलोरात कोण विचारणार हाय तुला?" शेजारची अनोळखी बाई बघायला लागली, तर आईनं तिच्याही हातावर चटणी-भाकरी ठेवली. कंडक्टरनं बेल मारली, गाडी हलली, तरी आईचा हात खिडकीतच. मी रडत होते आणि चावत होते, दोन्ही एकदम. पुढच्या सीटवर ह्यांनी आणि पोरांनी मात्र निवांत खाऊन घेतलं.

परवा माहेरच्या ग्रुपवर माझ्या सर्टिफिकेटचा फोटो पडला आणि तुम्ही सगळ्या तुटून पडलात. कसला कोर्स, कुणी दिला, आता नर्स झालीस का? एकीनं तर विचारलं, दुसऱ्यांची म्हातारी माणसं सांभाळायला एवढ्या लांब गेलीस काय? बाई, रागावले नाही मी. स्वल्प, म्हणजे इथल्या कानडीत थोडीशी, रागावले. म्हणून हे सविस्तर लिहिते, तासगावात राहिलेल्यांसाठी आणि माझ्यासारख्या गाव सोडून पुण्या-सुरतेला गेलेल्यांसाठीसुद्धा.

ह्यांचा सांगलीचा कारखाना बंद पडला, इकडे के. आर. पुरमजवळ मशीनवर काम मिळालं, म्हणून आम्ही आलो. पहिले काही महिने मी घरात नुसती भिंतींशी बोलायची. तिकडे दार उघडं टाकलं की कुणीतरी आत यायचं. इथं दार उघडं ठेवलं तर वॉचमन येऊन विचारायचा, काय झालं अक्का? मग समोरच्या बाईंनी मल्लेश्वरमच्या एका वृद्धांच्या घरात मदतनीस हवी म्हणून सांगितलं. मेजेस्टिकला मेट्रो बदलून जायचं, निळा युनिफॉर्म घालायचा. सहा महिने चादरी बदलल्या, जेवणाची ताटं नेली. मग ते घर चालवणाऱ्यांनी विचारलं, कोर्स करणार का? काम करता करताच शिकायचं, पगार चालू. म्हाताऱ्या माणसांची काळजी घेण्याच्या शिक्षणातली ही अगदी पहिली पायरी. पण दहावीनंतर मी परीक्षेच्या वाटेला गेले नव्हते. आणि ही परीक्षा पेपरवर नव्हती. तपासणीच्या मॅडम येणार, आपण काम करताना शेजारी उभ्या राहून बघणार, आणि मग सांगणार. पास झालं तर निळा युनिफॉर्म जाऊन हिरवा मिळणार आणि माणसं आपल्या जबाबदारीवर मिळणार. नाहीतर आहेतच चादरी.

मला वाटलं, ह्यात काय अवघड? सासूबाईंचं शेवटपर्यंत मी केलं होतं. हात माझा चालतो, तुम्हाला ठाऊक आहे. आई म्हणायचीच, "ही पोरगी बसली तर हिचे हात भांडतील हिच्याशी."

माझ्याकडे होत्या यमुनाअक्का. पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरात राहिलेलं मराठी घर त्यांचं. इथल्याच शिवाजीनगरला त्यांचा शिवणाचा क्लास होता, निम्मं गाव त्यांच्याकडे ब्लाउज शिवायला शिकलेलं. अर्धांगवायूचा झटका येऊन उजवा हात कमजोर झाला होता, पण जीभ एकदम धारदार. मी तासगावची म्हटल्यावर पहिलं वाक्य काय? "मग द्राक्षं कुठायत? हात हलवत आलीस होय?" त्यांचं मराठी ऐकून मला पहिल्या दिवशी हसू आवरेना. अर्धं कानडी, अर्धं आपलं, आणि सगळं हुकूम सोडल्यासारखं.

परीक्षेच्या दिवशी मी कमाल केली. तपासणीच्या शैलजा मॅडम कोपऱ्यात उभ्या, आणि मी अक्कांचं तोंड धुतलं, वेणी घातली, साडी नेसवली, ब्लाउजचे हुक फटाफट लावले, इडली भरवली. भरवताना आपला आग्रह आलाच. "अक्का, अर्धी. माझ्यासाठी अर्धी. बरं, एक घास." अक्का तोंड फिरवत होत्या आणि मी घास घेऊन त्या बाजूला जात होते. सगळं उरकून मी मॅडमकडे बघितलं. शाबासकी घ्यायलाच उभी होते मी.

मॅडमनी मला काही विचारलं नाही. अक्कांना विचारलं, "आज सकाळी तुम्ही काय काय केलंत?"

"मी?" अक्का म्हणाल्या. "मी बसले होते. हिनं केलं सगळं."

मॅडम मग मला बाजूला घेऊन हिंदीत म्हणाल्या, काम तुझं सुंदर आहे, पण अक्कांना काय हवं ते तू एकदाही विचारलं नाहीस, आणि त्यांना जे जमतं तेही तू करू दिलं नाहीस. अजून नाही झालं. महिन्यानं परत येते.

माझं डोकंच फिरलं. इतकं माझ्या आईनं केलं असतं तर सगळ्या आळीनं तिचं नाव काढलं असतं, आणि इथं म्हणे जास्त केलंस! मेट्रोत बसून मी मनातल्या मनात मॅडमना आपल्या तासगावी भाषेत चांगलं ऐकवलं. घरी पोचते तोवर आईचा फोन. मागे आळीचा कलकलाट. ती म्हणाली, "आगं, पेढे संपले, आणखी आणायला लावलेत."

"आई, मी पास नाही झाले."

तिनं मागचा कलकलाट दटावून थांबवला. मग म्हणाली, "आता ते कसं चालंल? पेढे वाटून झाले. आता पासच हो."

हे माझ्या आईचं लॉजिक. मला रडायचं होतं, पण हसू आलं. पण बायांनो, खरं सांगते, आता प्रश्न माझ्या एकटीचा राहिला नव्हता. अख्ख्या आळीच्या तोंडात माझ्या नावाचा पेढा होता आणि मी निळ्या युनिफॉर्ममध्येच.

दुसऱ्या दिवशी अक्कांना सगळं सांगितलं, पेढ्यांसकट. त्या इतक्या हसल्या की त्यांना पाणी द्यावं लागलं. म्हणजे, पाणी देणार होते, तेवढ्यात त्यांनी डावा हात वर केला. "बेडा. मी घेते." नको म्हणत त्यांनी स्वतःच पेला उचलला, थोडं पाणी साडीवर सांडलं, आणि उरलेलं प्यायल्या. मग म्हणाल्या, "पेढे खाल्ल्येत लोकांनी, तर तुला पास करायलाच पाहिजे की. हात मांडीवर ठेव. मी करते, तू बघ. सरी?"

सरी, म्हणजे बरं, म्हणणं सोपं. हात मांडीवर ठेवणं म्हणजे काय छळ असतो, हे तुम्हाला करून बघितल्याशिवाय कळायचं नाही. अक्का डाव्या हातानं एक हुक लावायला घ्यायच्या, तो सुटायचा, परत घ्यायच्या. माझी बोटं आपोआप पुढे जायची, आणि अक्का डोळे वटारायच्या. आयुष्यभर दुसऱ्यांच्या ब्लाउजांना हुक लावलेली बाई, आणि मी तिचेच हुक तिच्या हातून काढून घेतले होते. हे डोक्यात शिरलं तेव्हा मला वाईट वाटलं, आणि मग मी खरोखरच शिकायला लागले. घरीही सराव. जेवताना भाताचं पातेलं मधे ठेवलं आणि गप्प बसले. हे बराच वेळ ताटाकडे बघत राहिले. "अगं, बरं वाटत नाही का तुला?" म्हटलं, बरं आहे, तुम्हाला किती हवा तेवढा घ्या. हे घाबरले. पोरं मात्र खूश, आता कारल्याच्या भाजीचा आग्रह नाही.

महिन्यानं मॅडम आल्या. मी अक्कांना विचारलं, कोणती साडी? त्यांनी हिरवी सांगितली. वेणी मी घालू का? घाल म्हणाल्या. हुक? "मी लावणार." आणि बसल्या लावायला. बाहेर फुलवाल्याची हाक येऊन गेली, नाश्त्याची गाडी दारातून पुढे गेली, अक्का आपल्या लावताहेत. मी माझ्या ओढणीचं टोक मुठीत धरून बसले होते, अगदी पिळून काढलं. शेवटचा हुक काही केल्या बसेना. तो सुटला, परत सुटला, अक्कांच्या कपाळावर घाम आला. मॅडम माझ्याकडे बघत होत्या, अक्कांकडे नाही. ग्रुपवरच्या बायांनो, मला तासगावची सगळी आळी दिसत होती.

"अक्का, मदत करू?" मी विचारलं. एवढंच.

अक्कांनी हुकाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "नको. राहू दे तो. वर पदर आहे की!" आणि पदर सारखा करून, मान ताठ करून आरशात बघितलं. मॅडम हसायला लागल्या, मी हसता हसता रडायला लागले. झालं. पास!

अक्कांनी कपाटातून म्हैसूरपाकाचा डबा स्वतः काढला. थरथरत्या उजव्या हातानं एक तुकडा माझ्यापुढे धरला. "घे. अर्धा तरी घे." अख्खा खाल्ला मी. आग्रहाला नावं ठेवायची नाहीत मला, फक्त तो कुणी कुणाला करायचा, हे आता थोडं कळतं.

हिरवा युनिफॉर्म मिळाल्यावर आईला इकडे आणलं. अलीकडे तिचेही हात थरथरतात. तिकडे वहिनी तिला गॅसजवळ फिरकू देत नाही. प्रेमानंच करते बिचारी, जागच्या जागी सगळं आणून देते. आई इथं आली, दोन दिवस नुसती पाटावर बसली. तिसऱ्या दिवशी सकाळी म्हणाली, "चहा मी टाकू का?" असं माझ्या आईनं विचारावं! ज्या बाईनं चालत्या एसटीत भाकरी भरवली, ती चहाला परवानगी मागत होती.

टाक की, म्हटलं, आणि दारात बसले. हात मांडीवर. साखर ओट्यावर सांडली. आलं किसायला तिनं इतका वेळ घेतला की ह्यांची कामावर निघायची वेळ झाली, आणि पोरं ओट्याकडे बघत बघत चपला शोधत होती. दूध उतू जायला आलं आणि मी जागची अर्धी उठले. आईनं मागे न बघता सांगितलं, "बस खाली. दिसतंय मला."

बसले. पूर्वी घर म्हटलं की मला तासगावच दिसायचं, खिडकीतून आत आलेला तो हात दिसायचा. तो हात आता माझ्या के. आर. पुरमच्या ओट्यावर चहा गाळत होता. आईनं कप आणून माझ्यापुढे ठेवला, बशीत निम्मा सांडलेला. म्हणाली, "असं करू देणार असशील, तर राहते मी अजून थोडे दिवस."

मग माझ्या कपात डोकावून म्हणाली, "संपला? अजून अर्धा तरी घे." मी कप पुढे केला.