ट्रेमधलं चौथं पाकीट

आमच्या ऑफिसातले किस्से सांग, म्हणून मैत्रिणी मागे लागतात तेव्हा मी आधी म्हणायचे, "अगं, आजारपणाच्या रिसर्चमध्ये कसले आलेत किस्से!" पण चार माणसं एका खोलीत बसून रोज साखर, रक्त आणि पाय यांच्यावरच बोलायला लागली की किस्से आपोआप साठतात. काही हसायचे असतात, काही धड हसूही देत नाहीत. त्यात मी पडले घाबरट. सांगतानासुद्धा मला धडधडतं, तेवढं सांभाळून घ्या.

ऑफिस इथे न्यूझीलंडमध्ये, माउंट वेलिंग्टनला, मॉलच्या मागच्या रस्त्यावर. काम मात्र पृथ्वीच्या पार दुसऱ्या टोकाचं, कॅरिबियन समुद्रातल्या एका बेटावरच्या डायबेटिसचं. आमच्या मुख्य डॉक्टर व्हर्ना मूळच्या त्याच बेटावरच्या, न्यूझीलंडमध्ये येऊन पंचवीस वर्षं झालेल्या. त्यांना एकच प्रश्न छळायचा. बेटावरची माणसं कॅम्पला येतात, रांग लावून रक्त देतात, आणि रिपोर्ट न्यायला मात्र येत नाहीत! का? पुढे पाय कापायची वेळ येते तेव्हा कुठे हॉस्पिटलात उगवतात.

डॉक्टरांचा एक नियम होता, "आधी आपल्यावर." बेटावर जे जे करायचं, मग ती प्रश्नावली असो नाहीतर सुई, ते आधी आम्ही चौघांनी स्वतःवर करून बघायचं. चौघं म्हणजे डॉक्टर, हेनी नावाची माओरी नर्स, शिरीषदादा आणि डेटा सांभाळणारी मी, सुजाता.

*

शिरीषदादा दादरचे. हॅमिल्टनला शिकायला आले, दुधाच्या कंपनीत फूड टेक्नॉलॉजिस्ट झाले आणि तिथून आमच्याकडे आहाराच्या प्रश्नांसाठी आले. प्रश्नावलीची पहिली ट्रायल मी त्यांच्यावरच घेतली.

"गोड पेयं दिवसातून किती वेळा?"

"शून्य!"

"दादा, माझ्यासमोर चार कप चहा पिता. दोन-दोन चमचे साखर घालून!"

"अगं, चहा काय पेय आहे का? चहा हा चहा आहे!"

मी कपाळावर हात मारला, पण डॉक्टर टाळी वाजवत उठल्या. "हेच तर! आमच्याकडे कोको-टीमध्ये चमचा उभा राहील इतकी साखर घालतात आणि ते गोड पेय नाही म्हणतात. प्रश्न बदल, सुजाता." शिरीषदादांच्या खोटेपणामुळे आमची प्रश्नावली सुधारली. ते अजून त्याचं क्रेडिट घेतात.

*

बेटावर फोन करायचं काम माझं. इथे मंगळवारची सकाळ असते तेव्हा तिकडे सोमवारची दुपार उतरत असते. आणि तिकडेही डायबेटिसला 'शुगर'च म्हणतात हो, अगदी आपल्यासारखं. त्यामुळे मला कधी परकं वाटलं नाही.

मिस ऑलिव्ह म्हणून एक आजी होत्या. माझं लग्न, माझी मुलगी, मी सकाळी काय खाल्लं, हे सगळं विचारून झाल्याशिवाय त्या एका प्रश्नाचं उत्तर द्यायच्या नाहीत. त्यांच्या पायाला जखम होती. एकदा म्हणाल्या, "तुझ्याकडे मंगळवार उजाडलाय ना?"

"हो, उजाडलाय."

"मग तूच सांग, उद्या माझा पाय कसा आहे?"

आणि खो खो हसल्या. मला मात्र हसू येईना. त्या दिवशी मी डबासुद्धा खाल्ला नाही.

*

मग एक दिवस "आधी आपल्यावर"मध्ये रक्ताची पाळी आली. शेजारच्या किचनमध्ये हेनीने टेबल मांडलं. "किया ओरा, व्हिक्टिम्स!" असा माओरी नमस्कार तिने घातला. प्रत्येकाने एका डब्यातून चिठ्ठी उचलायची, चिठ्ठीवर एक कोड. कुणाचा कोड कोणता, हे कुणी कुणाला सांगायचं नाही. रक्त बाहेरच्या लॅबमध्ये जाणार, निकाल कोडप्रमाणे माझ्याकडे येणार, मी पत्रं छापून पाकिटं बंद करून ट्रेमध्ये ठेवणार. ज्याने त्याने आपला कोड बघून पाकीट उचलायचं. तंतोतंत बेटावरच्यासारखं.

शिरीषदादांनी सुई बघितली, हेनीचा हात घट्ट धरला आणि डोळे मिटून रामरक्षा सुरू केली. हेनी म्हणाली, "हे काय म्हणतोयस?" मी म्हटलं, "प्रार्थना." ती म्हणाली, "स्वीट ॲज, मस्तच. पण हात सोड माझा!"

*

लॅबची ईमेल आली. मी आधी माझा कोड शोधला, हे कबूल करते. माझी साखर नॉर्मल होती. मग बाकीचे तीन आकडे बघितले. एक आकडा इतका वर होता, की पत्रावर आमच्या नियमाप्रमाणे ठळक ओळ छापावी लागली, 'ताबडतोब डॉक्टरांना भेटा.'

सुटले, असं वाटलं, आणि लगेच स्वतःची लाज वाटली. माझ्या बाबांनी असाच एक रिपोर्ट न उघडता कपाटात शर्टांच्या खाली ठेवला होता. तो आम्हाला सापडला तेव्हा त्यांचा पाय गुडघ्याखालून गेलेला होता. म्हणून तर मी या कामात आले.

मी डॉक्टरांकडे धावले. "सगळ्यांना सांगूया का, आजच्या आज पाकिटं उचला म्हणून?"

"नाही," त्या म्हणाल्या. "घाई करायची नाही कुणी. लोक येत नाहीत तेव्हा काय होतं, तेच तर बघायचंय. दहा दिवस थांब. मग नियमाप्रमाणे फोन."

हेनीने पाकीट त्याच दुपारी उचललं आणि पत्र फ्रिजवर चिकटवलं. सगळं उत्तम! मी माझं उचललं. ट्रेमध्ये राहिली दोन.

आता मला सांगा, माझा संशय कुणावर जाणार? शिरीषदादा दिवसभर बाटलीने पाणी पीत होते. जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, घालून घालून त्यांच्या पायाच्या अंगठ्याला जखम झाली होती आणि ती दोन आठवडे तशीच होती. त्या दोन पाकिटांकडे तर ते बघतही नव्हते. आणखी काय हवं होतं!

*

त्यातच गणपती आले. शिरीषदादांच्या हिल्सबरोच्या घरी जेवायला गेलो. विद्यावहिनींनी उकडीचे मोदक केले होते. दादांनी सातवा घेतला.

"वहिनी, त्यांना पुरे आता!" मी ओरडलेच.

सगळी पंगत माझ्याकडे बघायला लागली. नवरा हळूच म्हणाला, "दुसऱ्याच्या घरचे मोदक मोजतेस?" आणि आमची मुलगी मोठ्याने, "आई, स्टॉप स्टेअरिंग ॲट हिज प्लेट! इट्स सो रूड!"

दादांनी आठवाही घेतला. वर तूप. मी घरी येईपर्यंत गाडीत रडत होते, आणि का रडतेय ते कुणाला सांगताही येत नव्हतं.

*

नवव्या दिवशी शिरीषदादांनी मला पार्किंगमध्ये बोलावलं. हातात पाकीट. चेहरा पांढराफटक.

"विद्यासमोर उघडायची हिंमत नाही होत. तू थांब इथे."

"उघडा दादा. काहीही असलं तरी औषधं आहेत, आपण आहोत."

"तुला माहीत आहे ना काय आहे ते?"

"नाही हो! तुमचा कोडच मला माहीत नाही. देवाशप्पथ!"

त्यांनी पाकीट इतकं जोरात फाडलं की पत्राचा कोपराही गेला. वाचलं. परत वाचलं. "नॉर्मल! अगं, नॉर्मल!" आणि ट्रॉल्या ढकलणाऱ्या एका अनोळखी माणसाला त्यांनी मिठी मारली. तो बिचारा म्हणाला, "गुड ऑन यू, मेट!"

"मग अंगठा?"

"जँडलचा पट्टा घासतो गं. आज नवीन घेतो!"

मीही हसत सुटले. हसत हसत लिफ्टपर्यंत आले, आणि तिथे माझ्या डोक्यात उजेड पडला. पाकिटं चार. तीन उघडून झाली होती.

*

दहाव्या दिवशी सकाळी मी आले तेव्हा डॉक्टर त्यांच्या काचेच्या केबिनमध्ये व्हिडिओ कॉलवर बेटावरच्या नर्सेसना झापत होत्या. "माणसं रिपोर्ट न्यायला येत नाहीत म्हणजे काय? जाऊन विचारा त्यांना! एवढं कशाला भितात?"

कॉल संपला. मी ट्रेकडे बघितलं. पाकीट तिथेच. नियम म्हणजे नियम, म्हणून मी फोन उचलला आणि दहा पावलांवरच्या डॉक्टरांचं एक्स्टेंशन फिरवलं. काचेतून त्यांची पाठ दिसत होती. फॉर्मवरचं वाक्य जसंच्या तसं वाचलं.

"नमस्कार. आपल्या रक्ताचा निकाल तयार आहे. आपण तो न्यायला आला नाहीत. त्याचं कारण सांगाल का?"

पाठ हलली नाही.

"मी कारणं वाचते," मी म्हटलं. "वेळ मिळाला नाही. लांब पडतं. विसरले. मला बरं वाटतंय. कुणी कळवलं नाही. भीती वाटते."

"यादी मीच केलीय ती," डॉक्टर म्हणाल्या.

"हो, डॉक्टर."

"माझं कारण त्यात नाहीये."

"मग... काय लिहू?"

"लिही, 'आत काय आहे ते मला माहीत आहे.'"

मी लिहिलं. माझं अक्षर इतकं वेडंवाकडं कधीच आलं नव्हतं.

"लिहिलंस? ते यादीत घाल आणि आजच बेटावर पाठव. नर्सेसना म्हणावं, सगळ्यांना नव्याने विचारा."

फोन ठेवला. मग त्या पर्स घेऊन बाहेर आल्या, ट्रेमधलं पाकीट उचललं, न उघडता पर्समध्ये टाकलं आणि माझ्या टेबलापाशी येऊन उभ्या राहिल्या.

"सुजाता," त्या म्हणाल्या, "मला डॉक्टरांकडे जायचंय. तुझी गाडी कुठे लावलीयेस?"