रूथबाईंचं नाव यादीत होतं

बॅनर लावू नका. रूथबाईंना जिवंतपणी तुम्ही एक फूल दिलं नाही.

आज पहाटे लातूरला बाई वारल्या.

आठ वाजता चर्चच्या कमिटीतून मला नांदेडला फोन. ताई, बॅनरसाठी दोन ओळी द्या, मुलांसाठी झिजलेली सेविका वगैरे.

दिल्या नाहीत. इथे लिहितेय. कमिटीतल्या सगळ्यांना टॅग केलंय.

बहात्तरच्या दुष्काळात मी सात वर्षांची. बाई आठवडाभर दुष्काळी कामावर खडी फोडायच्या आणि रविवारी आम्हाला संडे स्कूलमध्ये शिकवायच्या. बोटांना फोड. खडू धरता यायचा नाही, मग सगळं तोंडी.

कामावर मजुरांना खायला मिळायची ती सुकडी, गोडसर पीठ, पदरात बांधून आणायच्या. खरं सांगते, आमच्यातली निम्मी पोरं देवासाठी नाही, सुकडीसाठी जायची.

त्यांना ते माहीत होतं. आधी सुकडी, मग प्रार्थना.

मानधन नाही, काही नाही. कुणी साधं थँक यू म्हटल्याचं मी ऐकलं नाही.

मग लातूर जिल्हा झाला. नवी ऑफिसं आली, साहेब लोकांची कुटुंबं चर्चला येऊ लागली. कमिटीला एकदम थाट सुचला. संडे स्कूलच्या शिक्षकांचा सत्कार, बाहेरगावचे मोठे पाहुणे.

मी तेव्हा सतरा वर्षांची, बाईंच्या हाताखाली लहान मुलांना शिकवायचे. आवाज चांगला म्हणून नावं वाचायचं काम माझ्याकडे.

यादीत पहिलंच नाव बाईंचं.

त्यावर लाल रेघ.

मी सेक्रेटरींना विचारलं. ते म्हणाले, "त्या सातवी पास. पाहुण्यांनी इंग्रजीत काही विचारलं तर? तू बाकीची वाच."

मी वाचली. चार नावं. त्यातल्या दोघींना चर्चला येऊन वर्षही झालं नव्हतं.

चौथं नाव माझं. शाल घेतली मी.

बाई मागे होत्या. एका लेकराला उलटी झाली होती, ती पुसत होत्या.

संध्याकाळी ती शाल घेऊन मी त्यांच्या घरी गेले. त्या ज्वारी पाखडत होत्या. बस म्हणाल्या नाहीत.

"नाव दिसलं व्हतं का तुला?"

"हाव."

"मग वाचायचं व्हतं."

शाल तशीच परत आणली.

पुढच्या रविवारी बाई वर्गावर हजर. नंतरही कित्येक वर्षं, डोळे जाईपर्यंत. मला मात्र मदतीला पुन्हा कधी बोलावलं नाही.

लग्नानंतर दर नाताळला मी नांदेडहून त्यांना भेटायला जायचे. चहा करायच्या. माझ्या मुलांची नावं घेऊन चौकशी करायच्या. त्या दिवसाचा विषय त्यांनी काढला नाही.

मीही नाही.

सेक्रेटरी कधीच वारले. रेघ त्यांची होती, मान्य. पण हॉल भरलेला होता. तुमच्यातल्या निम्म्यांनी ती सुकडी खाल्लीय. एकानं उठून विचारलं नाही, बाई कुठं हायत म्हणून.

आणि आता बॅनर. त्यावर बाईंचा फोटो केवढा, तुमचे केवढे, मला माहीत आहे.

मलाही कुणी गोड कमेंट करू नका. माईक माझ्या हातात होता.

चार वाजता माती आहे. मी बसमध्ये आहे.

बाई, चुकलं माझं. हे तोंडावर म्हणायला मला चाळीस वर्षं मिळाली होती.

शेवटचा सलाम, बाई.