मारुतीची मापं

मी पुण्याला एम.ए.ला होते तेव्हा आमच्या गावात एकच बातमी पक्की झाली होती, की पाटलांची थोरली दगडाचं शिकते. यात खोटं काही नव्हतं. जुन्या मूर्ती आणि देवळं हा माझा विषय, आणि मूर्ती दगडाच्याच असतात. पण गावाच्या हिशेबाने दगडाचं शिकणं म्हणजे दगड घडवणं. सुट्टीत घरी आले की दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या ओट्यावर कुणाचं ना कुणाचं जातं येऊन पडलेलं असे. गुळगुळीत झालेल्या जात्याला छिन्नीने पुन्हा खरबरीत करतात, त्याला टाकी लावणं म्हणतात. "पोरी, येवढी टाकी लावून दे. टाकारी औंदा आलाच न्हाई," म्हणून शेजारची काकू समोर फतकल मारून बसे. मी मूर्तींचा इतिहास शिकते, टाकी लावत नाही, असं सांगितलं की ती माझ्याकडे दयेने बघे.

"आजून तिथवर शिकवलं न्हाई व्हय?"

मी तापट होते. अजूनही आहे, फक्त आता लवकर दम लागतो. काकूशी भांडून मी तिचं जातं उचलून परत तिच्या दारात नेऊन टाकत असे, आणि मग गावभर बोभाटा होई की पोरीला अंगात ताकद आली आहे, म्हणजे विद्या बरी चालली आहे.

याच तापटपणापायी पुढचं सगळं झालं. एकदा वर्गात आमचे प्राध्यापक उभ्या मूर्तींबद्दल सांगत होते. कोणत्या देवाने कसं उभं राहायचं, कुणाच्या कमरेत बाक असतो, कुणाच्या नसतो. ऐकता ऐकता मला आमच्या गावचा मारुती दिसायला लागला. प्रवरेच्या काठी एक पडकं हेमाडपंती देऊळ आहे, त्यातलीच कुठली तरी मूर्ती कुण्या काळी उचलून गावकऱ्यांनी वेशीजवळ मांडली असणार. अंगभर शेंदराचा जाड थर, त्यामुळे नाक-डोळे काही कळत नाहीत. एक हात वर, त्या हातावर गोल गोळा. तो द्रोणागिरी. डोक्यामागे एक उंचवटा, ती शेंडी. छाती पैलवानी. पण कंबर? मारुती असा एका बाजूला कंबर काढून, लाडात आल्यासारखा कशाला उभा राहील?

मी ताडकन उठले आणि म्हणाले, "आमच्या गावचा मारुती मारुती नाहीच."

वर्ग हसला. प्राध्यापकांनी चष्मा काढून विचारलं, "तुम्ही मूर्ती जवळून पाहिलीत?"

"नाही. मारुतीच्या गाभाऱ्यात बायकांना जाऊ देत नाहीत. पायरीवरून पाहिली."

"मग पायरीवरचं संशोधन पायरीवरच ठेवा. तुम्ही प्रबंधाला प्राचीन दागिने घ्या. मुलींना तो विषय सोपा पडतो."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, सुट्टीनंतर मापांसकट सिद्ध करते, आणि नाही केलं तर बांगड्यांवर प्रबंध लिहिते. ते म्हणाले, ठीक आहे. माझी सगळी विद्या अशी एका शेंदराच्या थरावर टांगली गेली.

दुसऱ्या महायुद्धाचे दिवस होते. संगमनेरहून निघणारी मोटार कोळशाच्या गॅसवर चाले आणि जरा चढ आला की उतारूंनाच ती ढकलावी लागे. तशी ढकलत ढकलत मी गावी पोचले. वाटभर मी एकच ठरवलं होतं, की मूर्तीबद्दलचा संशय घरी बोलायचा नाही. आबा गावचे पाटील. पाटलाच्या पोरीने गावचा देव खोटा पाडला असं झालं असतं, तर त्यांना वेशीतून मान वर करून जाता आलं नसतं. म्हणून मी आबांना एवढंच सांगितलं की परीक्षेसाठी मारुतीची मापं हवीत.

"तुला आत जाता यायचं न्हाई," आबा म्हणाले. मग मिशीवरून हात फिरवत म्हणाले, "मी घेतो की मापं. काय काय मोजायचं त्येवढं सांग."

आबांना माझ्या शिक्षणातलं ओ की ठो कळत नसे, पण त्यात आपला हात लागावा असं त्यांना फार वाटे. प्रश्न टेपचा होता. गावात टेप एकच, वेशीजवळच्या दर्जी चाचांच्या गळ्यात. चाचा तो कुणाला उसना देत नसत. टेपच्या मागोमाग तेही आले आणि देवळासमोरच्या पारावर, मशीन बरोबर नसताना मशीनवर बसतात तसे, पाय जुळवून बसले. आबा आणि गुरव गाभाऱ्यात, मी आणि आई पायरीवर. आबा आतून आकडा ओरडून सांगत, मी लिहून घेई, आणि चाचा सवयीने मान डोलवत.

छातीचा आकडा आला तेव्हा चाचा म्हणाले, "वा! पैलवान गडी हाय." कमरेचा आला आणि त्यांची मान थांबली.

"पाटील, टेप मुडपलाय का बघा."

"न्हाई. सरळ हाय."

"परत घ्या."

आबांनी परत माप घेतलं. आकडा तोच. मी वहीत मान घातली. आता हे काय बोलतात? चाचांनी डोळे मिटून थोडा विचार केला आणि मोठ्या दुःखाने म्हणाले, "आसं व्हय. राशनमुळं देवबी वाळला."

मी सुटकेचा श्वास सोडला, पण तो जरा लवकर सोडला. संध्याकाळपर्यंत देव वाळल्याची बातमी शेवटच्या मळ्यापर्यंत गेली होती. कुणी म्हणालं, आपण ज्वारीसाठी रांगेत उभं राहतो, त्याला कोण विचारतं? कुणाला आठवलं की यंदा तेल नसल्यामुळे शनिवारी नुसतं बोट ओलं करून देवाला लावलं होतं. म्हातारी माणसं पारावर जमली आणि ठरलं की देवाला बाळसं आणायचं. ज्या घरात भाजीला फोडणी नव्हती त्या घरातूनही वाटीच्या तळाशी तेल आलं. नेवाशाच्या बाजारातून शेंदूर आला. गुरवाने बाह्या सरसावल्या आणि थरावर थर चढवायला सुरुवात केली.

करायला गेले गणपती आणि झाला मारुती, अशी म्हण आहे. माझ्या बाबतीत मारुतीचाच आणखी मोठा मारुती होत चालला. ज्या कमरेवर माझा प्रबंध उभा राहायचा होता ती भरत भरत छातीच्या बरोबरीला आली. मी पायरीवरून बघे आणि घरी येऊन भांडी आपटे. आबा मात्र खूश होते. "तुज्यामुळं देवाची विचारपूस झाली," असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. मी खरवडून बघायची भाषा चुकून एकदा गुरवासमोर काढली, तर त्याने दोन्ही कानांवर हात ठेवले. शेंदूर माणसाने काढायचा नसतो. वर्षानुवर्षं थर चढतात आणि कधीतरी देव आपणहून ती खोळ टाकतो. मग ती वाजतगाजत नदीला नेतात आणि गावाचं कोटकल्याण होतं. मागची खोळ कधी पडली ते पाहिलेलं कुणी हयात नव्हतं. सुट्टी संपत आली. मी मनातल्या मनात बांगड्यांचे प्रकार आठवायला लागले.

पण प्रेमाचंसुद्धा वजन होतं. ऊन रणरणत होतं, जुना थर आतून सुटला असावा, आणि त्यावर गावाने हा नवा बोजा चढवलेला. एका शनिवारी सकाळी गुरव पागोट्याशिवाय गल्लीतून पळत आला. "देवानं खोळ टाकली! खोळ टाकली!"

मग काय विचारता! पखाली, गुरं, चुली जिथल्या तिथे टाकून गाव वेशीकडे धावलं. हलगी आली, सनई आली, तालमीतली पोरं गुलाल घेऊन आली. आबा सगळ्यांत पुढे. गाभाऱ्यात लाल खापऱ्यांचा ढीग पडला होता. गुरवाने ओल्या फडक्याने मूर्तीवरची धूळ पुसली आणि तो बाजूला झाला.

आत काळ्या पाषाणाची एक देखणी बाई उभी होती. कमरेत बाक देऊन, एका हातात आरसा धरून, दुसऱ्या हाताने कानातलं सारखं करत होती. ओठांवर बारीक हसू. गाव पिढ्यान्‌पिढ्या ज्याला द्रोणागिरी म्हणून हात जोडत होतं तो आरसा होता. शेंडी म्हणजे अंबाडा होता. पैलवानी छातीबद्दल मी काही लिहीत नाही.

सनई थांबली. हलगीवाला मागे होता म्हणून तो जरा उशिरा थांबला. तालमीतली पोरं रोज त्या दंडाला हात लावून कुस्तीला जात असत. ती एकेक करून मागच्या मागे पसार झाली.

"वेश पालटला आसंल," एक म्हातारा म्हणाला. "लंकेत जाताना."

"ब्रह्मचारी मानूस आसला वेश पालटंल व्हय?" दुसऱ्याने त्याला झापलं.

आबा माझ्याकडे वळले. "तू ह्येच शिकतीस न्हवं? सांग, काय हाय ह्ये."

सगळं गाव माझ्याकडे बघायला लागलं. सबंध सुट्टी मी हे वाक्य तोंडात घोळवलं होतं. ही सुरसुंदरी आहे, देव नाही, देवी नाही, देवळाच्या भिंतीवरची शोभेची बाई आहे. जिंकले होते मी. पण माझ्यासमोर गुरव उभा होता. हातात ते ओलं फडकं. आयुष्यभर शनिवार धरलेला माणूस. तो माझ्या तोंडाकडे असा बघत होता, जणू मी त्याला घरात ठेवते की घराबाहेर काढते ते आता ठरणार होतं. मला शब्द फुटेना. माझ्या बाबतीत हे नवीन होतं, आबांनाही आश्चर्य वाटलं.

तेवढ्यात पायरीवरून आई पुढे झाली. जन्मात कधी चारचौघांत न बोललेली बाई. ती म्हणाली, "बाईमानूस हाय. आदी वटी भराया हवी." आणि पदर सावरून सरळ उंबरा ओलांडून आत गेली.

तिला अडवणार कसं? मारुतीच्या गाभाऱ्यात बाईने जायचं नाही असा नियम होता, बाईच्या गाभाऱ्यात जायचं नाही असा नव्हता. उलट ओटी भरताना पुरुषांनी तिथे थांबायचं नसतं. आबांना बाहेर यावं लागलं. बघता बघता घराघरांतून खण, नारळ, हळद-कुंकू आलं आणि गाभाऱ्यात बायकांची ही गर्दी झाली. गुरव उंबऱ्याबाहेरून "आता येऊ का आत?" असं विचारत होता आणि जात्यावाली काकू आतून "थांबा वाईच" म्हणत होती. चाचांनी टेप गळ्यातून काढून आपणहून आत पाठवला, असं पहिल्यांदाच झालं. मी कोपऱ्यात बसून मापं घेतली, चित्रं काढली, आणि बायकांच्या कोपरांमधून जे जे दिसलं ते टिपून घेतलं.

संध्याकाळी पारावर निवाडा झाला. शनिवारी मारुती, मंगळवारी देवी. शेंदूर फक्त पायांना लावायचा. गुरवाला दोन वारांचा नैवेद्य मिळायला लागला आणि त्याच्या चेहऱ्यावर रंग परत आला.

घरी जाताना आईने मला विचारलं, "काय नाव गं तिचं?"

आईशी खोटं बोलायचं काही कारण नव्हतं. "नाव नसतं, आई. अशा पुष्कळ असतात देवळाच्या भिंतींवर. नुसत्या शोभेला."

आई वाटेतच थांबली. "शोभेला? मंग दर शनवारी मी पायरीवरनं मागत हुते, त्ये दिलं कुनी?"

"काय मागत होतीस?"

"तुला पुन्याला धाडू दे म्हून. तुजं आबा काय आपसूक मानलं व्हय?"

ती पुढे चालू लागली. मी तिच्या मागून गेले.

पुण्याला प्राध्यापकांनी मापं पाहिली, चित्रं पाहिली, चष्मा पुसून पुन्हा पाहिली आणि बांगड्यांचा विषय त्यानंतर काढला नाही. प्रबंधात मी त्या मूर्तीचा काळ लिहिला, दगड लिहिला, घडण लिहिली, आणि सुरसुंदरी असं स्वच्छ लिहिलं. त्यांनी एका जागी बोट ठेवलं.

"प्रयोजन लिहायचं राहिलंय. केवळ शोभेसाठी, असं लिहा."

मी लिहिलं, 'बायकांना मागणं मागण्यासाठी.'

त्यांनी ते खोडलं. मी पुन्हा लिहिलं.