संध्याने न घेतलेलं इंजेक्शन

संध्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी चाकणच्या ऑफिसात नुकती येऊन बसले होते. दिघीच्या रस्त्यावर सकाळच्या सरावात ती सायकलवरून कोसळली, दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं, एवढंच तिचा धाकटा भाऊ महेश कसंबसं बोलला. कुणी धडक दिली नव्हती, रस्त्यात खड्डा नव्हता. चालत्या सायकलवर हृदय थांबलं... आणि त्याच दुपारी थेरगावात तिच्या घरी, तिला उचलायच्या आधी, माझ्या मागे कुणीतरी हळूच म्हणालं, "आता कळलं का, एवढी वर्षं काय घेत होती ते?"

ही कुजबुज नवी नव्हती. तिचं कुटुंब बीडकडून महाळुंग्याच्या कारखान्यापायी इथे आलेलं. कॉलेजात असताना आम्ही दोघी एकाच क्लबात सायकल चालवायचो. मी हौसेने, ती भूक लागल्यासारखी. रस्त्यावरच्या शर्यतीत शेवटच्या चढापर्यंत ती कुणाच्या तरी मागे दडून राहायची आणि मग अशी सुटायची की पाहणाऱ्याला वाटावं, बाकीच्या थांबल्यात. सायक्लोक्रॉस इथे कुणाला ठाऊकही नव्हतं. चिखलातून, वाळूतून सायकल हाणायची, अडथळा आला की उतरायचं, सायकल खांद्यावर टाकून पळायचं, पुन्हा बसायचं. हिने ते कारखान्यांमागच्या खडकाळ माळावर एकटीने शिकून घेतलं. प्रत्येक मोठ्या शर्यतीनंतर तिची तपासणी व्हायची आणि ती दरवेळी निर्दोष निघायची. तरी लोक म्हणायचे, "हुशार आहे, सापडत नाही." जिंकणाऱ्या पोरीकडे सरळ बघायला आपल्याला का जमत नाही, कोण जाणे.

मग युरोपातल्या एका छोट्या संघाने तिला करारावर घेतलं. क्लबात पेढे वाटले गेले. आणि ऐन हंगामात, कुणाला काही न सांगता, ती परत आली. आमचे क्लबचे सर सगळ्यांदेखत म्हणाले, "आगीशिवाय धूर निघत नाही... असं कुणी हातातलं सोडून येतं का?" संध्या तशीच उठून निघाली. मी तिला बाहेर गाठलं.

"काय झालं गं तिकडं?"

"संघाचा डॉक्टर इंजेक्शन द्यायलता. म्हटलं, ह्यात काय हाय? तर म्हणे, जीवनसत्त्वं. बाटली दाखव म्हटलं, तर दाखवंना. मग घेऊ कामून?"

"मग सांग ना हे सगळ्यांना!"

"माझ्या खोलीतल्या पोरीनं घेतलंय ते. मी बोलले की आधी ती मरंल. तिचं लेकरू हाय घरी."

त्यानंतर ती दहा वर्षं इथेच शर्यती खेळली, पोरींना शिकवलं आणि त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. मीही तिच्याखातर गप्प राहिले. आज लिहिते आहे, कारण त्या पोरीचं नाव मलाही ठाऊक नाही आणि संध्याचं मात्र सगळ्यांच्या तोंडी आहे.

शवविच्छेदनात हृदयाचा स्नायू जाड झालेला निघाला. झालं, संशयाला आयतंच खाद्य! "औषधांनीच होतं तसं," लोक छातीठोकपणे सांगू लागले. तपासणाऱ्या डॉक्टरबाई मात्र काकूंना, म्हणजे संध्याच्या आईला, वेगळंच विचारत होत्या. "घरात आणखी कुणी असं अचानक गेलंय का?"

काकूंनी पदर नीट केला. मग म्हणाल्या, "हिचे वडील. मशिनपुढं उभे होते, तिथंच पडले. उन्हानं झालं म्हणले सगळे."

डॉक्टरबाईंनी महेशला त्याच आठवड्यात तपासायला लावलं. तो कंपनीतून ओव्हरटाइम करून आलेला, धडधाकट गडी. आयुष्यात कधी सायकलची शर्यत खेळला नाही. त्याचंही हृदय तसंच निघालं. वडिलांकडून आलेला दोष, जन्मापासूनचा. आता त्याच्या छातीत एक छोटं यंत्र बसवलंय. ठोका चुकला तर ते झटका देऊन हृदय परत चालू करतं. यंत्र बसवलं त्या दिवशी काकू दवाखान्याच्या जिन्यात बसून पहिल्यांदा मोठ्याने रडल्या. "जाता जाता भावाला सांगून गेली," एवढंच म्हणत होत्या.

गेल्या रविवारी मी त्यांच्याकडे गेले होते. बाहेरच्या खोलीत संध्याची सायकल भिंतीला अजून तशीच टांगलेली आहे, चाकांत हवा भरलेली. ती हवा आता महेश भरतो. थोड्या वेळाने क्लबचे सर आले. महेशचं त्यांना कळलं असावं. सायकलखालच्या खुर्चीत ते अवघडून बसले. काकू आतून चहा घेऊन आल्या. कप त्यांच्या हातात दिला.

"घ्या सर," त्या शांतपणे म्हणाल्या. "साखर अन् चहापत्ती. दुसरं काय बी घातलेलं न्हाई."

सरांनी मान खाली घालून कप तोंडाला लावला. तो रिकामा होईपर्यंत काकू त्यांच्यासमोर उभ्या होत्या.