अबे, पाणी नको टाकू!

बाबांना मी एकदा भर टॉकीजमध्ये गप्प बसवलं.

त्यानंतर माझ्यासोबत सिनेमा बघताना ते कधीच बोलले नाहीत.

आज त्यांना जाऊन वर्ष झालं. हे वर्षभर मला त्यांचं आजारपण कमी आठवलं, आणि ही एकच गोष्ट जास्त.

बाबा भिलाईच्या प्लांटमध्ये होते. स्टील मेल्टिंग शॉप. सगळी नोकरी वितळलेल्या लोखंडाच्या आसपास गेली.
आणि वेड कशाचं, तर रोबोट, अंतराळयानं आणि मारामारीच्या पिक्चरचं.

पिक्चर सुरू झाला की यांची कॉमेंट्री सुरू.

"वर हवाच नाही, त आवाज कुठून येऊन राहिला?"

"इतक्या उंचून पडला अन् चष्मा जसाच्या तसा! कोणत्या दुकानातला आहे बे?"

मी कॉलेजात होते तेव्हाची गोष्ट. मैत्रिणी सोबत होत्या.
पडद्यावर कारखाना. वितळलेल्या लोखंडाचा लोट हिरोकडे येतोय. हिरो पाण्याची भली मोठी टाकी फोडायला निघतो.

बाबा सीटवरून ताडकन उठले. हात वर.

"अबे, पाणी नको टाकू! सगळेच्या सगळे उडतीन ना!"

अख्खी टॉकीज हसली. मागून कोणी ओरडलं, "अंकलजी, बैठ जाओ, हीरो को सब मालूम है!"

हिरोने टाकी फोडली. लोखंड कुल्फीसारखं गोठलं. टाळ्या, शिट्ट्या.

मी दात ओठ खाऊन म्हणाले, "बाबा, चूप बसा ना! तुमच्यामुळे कोणालाच मजा येत नाही."

"बरं बेटा," ते म्हणाले. आणि बसले.

वितळलेल्या धातूखाली पाणी सापडलं की त्याची वाफ होऊन स्फोट होतो. ओलं स्क्रॅप भट्टीत जाऊ द्यायचं नाही, हा त्यांच्या कामातला पहिला धडा.
म्हणजे ते शहाणपणा दाखवत नव्हते. त्यांचा हात ड्यूटीवर उठायचा तसा उठला होता.
हे मला फार उशिरा कळलं.

पुढे माझं लग्न झालं. रिटायर झाल्यावर त्यांनी स्मृति नगरला, आमच्या मागच्याच गल्लीत घर घेतलं. पिक्चरला जाणं सुटलं नाही. दर वेळी स्कूटरवर मागे बसून मी विचारायची, "कसा वाटला?"

"बरा होता."

बस. तेवढंच.

शेवटच्या पिक्चरमध्ये तर विझलेला सूर्य एका बॅटरीने सुरू केला होता. मी मुद्दाम त्यांच्याकडे बघितलं. बोला ना बाबा, काहीतरी बोला.
ते खुर्चीचा हात धरून गप्प.

"बरा होता."

चुकीचं विज्ञान असलं की पिक्चरची मजा जाते का?
मला वाटायचं, त्यांची जाते. ते नुसते माझ्यासाठी येतात. आणि बोलण्यातली जी काय मजा होती, ती मीच घालवली.

आज वर्षश्राद्धाला मेश्राम काका जेवायला आले होते. बाबांच्या शिफ्टमधले, गोंदियाकडचे. त्यांना वाढता वाढता मी हे सगळं सांगून टाकलं.

काकांनी घास खाली ठेवला.

"कोण, तुहा बाप चूप? अवं, तुह्यासंगं पाहून आला का दुसऱ्या दिवशी मले घेऊन तोच पिक्चर पाहाले जाये! बाराचा शो. रात्रपाळी करून आम्ही चार-पाच जणं. हॉल अर्धा खाली राहे. मंग काय, नुसता कल्ला! याले सगळं माहीत राहे. कोपर मारून सांगे, आता पाहा, आता हा गधा पाणी टाकते!"

वरणाची वाटी घेऊन मी त्यांच्यासमोरच बसले.

"रिटायर झाल्यावरही?"

"बॅटरीवाला सूर्य पाहाले दोघंच गेलो ना. हसू हसू याले ठसका लागला. मी म्हटलं, इतकं चुकीचं आहे, त दोन-दोनदा कावून पाहतो? त म्हणे, चुकीचं आहे म्हणूनच त मजा आहे बे. बरोबर पाहाले त जिंदगीभर ड्यूटीवर गेलो."

"मग मला का नाही सांगितलं?"

"तुले कायले सांगन? म्हणे, पोरगी मन लावून पाहते. तिचा पिक्चर तिले पाहू दे."

तेवढ्यात आतून आई कढई घेऊन बाहेर आली.

"म्हणजे रात्रपाळी करून हा माणूस पिक्चर पाहे? मले त सांगे, सेफ्टीची मीटिंग होती!"

"वहिनी, सेफ्टीवरच त बोलत होतो आम्ही," काका म्हणाले.

मला हसू आवरेना. आई वर्षश्राद्धाच्या दिवशी बाबांवर चिडलेली, काका भात मागतायत, आणि मी भिंतीला टेकून हसतेय.
वर्षभरात पहिल्यांदा पोटभर जेवले.

बाबा, तुमची मजा माझ्या हातून गेली नव्हती. तुम्ही ती फक्त दुसऱ्या दिवसावर ढकलली होती.

रविवारी बाराच्या शोला मी आणि मेश्राम काका जातोय. कुठल्याशा ग्रहाला दोरी बांधून ओढतात म्हणे.
या वेळी मी ओरडणार आहे.

तुम्हाला नमस्कार, बाबा. जिथे असाल तिथे मोठ्याने बोला.