तहसीलदारांच्या मागच्या चाकामागे

निजामाच्या राज्यात मी बीदरला मास्तर होतो, तेव्हा आमच्या तहसीलदारांना सायकलीचा नाद लागला. साहेबांचा नाद एकट्याने कसा पुरवायचा? म्हणून एका जुम्म्याच्या सुट्टीला त्यांनी तालुक्यातल्या सायकलवाल्या नोकरमंडळींची जवळच्या कमठाणा गावापर्यंत फेरी काढली. येणं ऐच्छिक होतं. न येणाऱ्यांची फक्त यादी होणार होती. चाळीसेक जण स्वखुशीने जमलो.

निघताना साहेबांच्या कचेरीतल्या पेशकारांनी, म्हणजे कारकुनांनी, उर्दूत कायदे वाचून दाखवले. साहेबांच्या पुढे जायचं नाही. मागून घंटी वाजवायची नाही, ती बेअदबी. आणि फार मागेही राहायचं नाही, ती कामातली हयगय. दोन सायकलींत अंतर किती ठेवायचं, ते मात्र सांगायचं राहून गेलं.

साहेब बैलगाडीच्या चालीने निघाले. मागे आम्ही, हँडलला हँडल घासत. साहेबांनी मागे वळून बघितलं तर आपलंच तोंड दिसावं, म्हणून जो तो पुढे घुसत होता. तीस हात सोडून सगळ्यात मागे टपालवाला येत होता. रोज सायकलीवर गावं हिंडणारा आमच्यात तो एकटाच.

"मास्तर, माझ्यासंगं मागं राहा," त्याने मला निघतानाच सांगितलं होतं. "तिथं समदे एकमेकाच्या चाकात चाक घालायलेत."

पण मला बढती हवी होती. मी थेट साहेबांच्या मागच्या चाकामागची जागा पटकावली.

कमठाण्याच्या अलीकडे उतार लागला आणि खाली एक म्हैस रस्ता ओलांडत होती. साहेबांनी हात न दाखवता ब्रेक दाबला. हात दाखवून कळवायला आम्ही कोण? माझ्यापुढे साहेब, उजवीकडे आमचे हेडमास्तर. साहेबांवर आदळलो तर नोकरी जाणार, हेडमास्तरांवर आदळलो तर ते चार दिवस रुसणार. एवढा हिशेब क्षणात झाला आणि मी हँडल उजवीकडे वळवलं.

मागचे पंधरा-वीस जण आमच्यावर येऊन पडले. साहेब मात्र सुखरूप कमठाण्याला पोचले आणि सर्वांत आधी पोचल्याबद्दलची शाल त्यांनी नम्रपणे स्वीकारली.

टपालवाल्याने आपली सायकल झाडाला टेकवली आणि हेडमास्तरांचा फुटलेला गुडघा धुतला. मी जवळ जाऊन माफी मागितली. म्हैस दिसली, तोल गेला, असं काहीबाही बोललो.

हेडमास्तर शांतपणे म्हणाले, "तोल न्हाई गेला. मीबी तुझ्याच अंगावर घालायलो होतो. तू आधी वळलास, एवढंच."

दुसऱ्या दिवशी सगळ्यांकडून खुलासा मागवला गेला. आम्ही एकमुखाने म्हशीला दोषी ठरवलं आणि खुलासा लगेच मंजूर झाला. तिथे सरकारी नोकरीत नसलेली तेवढी तीच होती.

हेडमास्तर महिनाभर लंगडत होते. ते वर्गावरून जायला लागले की मी टेबलाखाली खडू शोधत बसायचो.